राजा मेल्यानंतरचा डाव

बुद्धिबळातला राजा कधी मरत नाही. त्याची कोंडी झाली, चहूकडच्या वाटा बंद झाल्या, की डाव संपतो. सोंगट्या डब्यात जातात आणि पुढच्या डावाला तोच राजा आपल्या घरात पुन्हा ताठ उभा राहतो. या राजाला मुलगे नसतात, सावत्र भाऊ नसतात, आणि 'यांच्या मागे कोण?' हा प्रश्न त्याच्या वजिराला कधी पडत नाही. इतिहासात मात्र खरा डाव राजाने डोळे मिटल्यावरच सुरू होतो, आणि तो कुठल्या नियमांनी खेळायचा हेच पुष्कळदा ठरलेले नसते.

हे सुचण्याचे कारण म्हणजे माझ्या पुतण्याने पुण्याहून आणलेला एक पट. आमच्या पेणच्या घरी शनिवार-रविवारी भाचरे-पुतणे जमतात. पाऊस असला की बाहेर पडता येत नाही, मग पत्ते निघतात, कॅरम निघतो. या खेपेला निघाला तो मध्ययुगीन नॉर्वेतल्या गादीच्या भांडणांवर बेतलेला खेळ. युरोपात असल्या खेळांची आता परंपराच आहे. इंग्लंडमधल्या 'गुलाबांच्या युद्धां'वरचा 'किंगमेकर' हा खेळ १९७४ साली ब्रिटनमध्ये निघाला. त्यात खेळणारा स्वतः राजा नसतो. तो असतो एखाद्या सरदार गटाचा पुढारी. गादीवर हक्क सांगणारा एखादा राजपुत्र ताब्यात ठेवायचा, त्याच्या नावाने लढायचे आणि शेवटी त्याला मुकुट घालून राज्य आपण करायचे! नॉर्वेचा डावही थोडाफार याच वळणाचा.

मुलांना त्यातली जहाजे आवडली, थोरल्या भाचीला नकाशा आवडला. मला मात्र त्यामागची हकीकत पाहून चमकायला झाले.

नॉर्वेत त्या काळी राजाच्या प्रत्येक मुलाचा गादीवर सारखाच हक्क मानत. लग्नाच्या राणीचा असो वा नसो, बाप राजा होता एवढे पुरे. ११३० साली सिगुर्ड राजा वारला. त्याचा मुलगा मॅग्नस आणि आयर्लंडातून आलेला हाराल्ड गिल्ले असे दोघे एकदमच राजे झाले. आपण सिगुर्डच्या बापाचे पुत्र, म्हणजे सिगुर्डचे सावत्र भाऊ, असे हाराल्डचे म्हणणे होते. ते खरे करण्यासाठी तो तापवून लाल केलेल्या नांगराच्या फाळांवरून अनवाणी चालला, असे जुन्या कथा सांगतात. चारपाच वर्षे कशीबशी गेली. मग हाराल्डने मॅग्नसला पकडून त्याचे डोळे काढले. पुढच्याच वर्षी आणखी एका 'भावा'ने हाराल्डला ठार केले. अशी ही साखळी १२४० पर्यंत, तब्बल एकशे दहा वर्षे चालली. एक पक्ष बिर्केबाइनरांचा. जोडे घ्यायला पैसा नाही म्हणून बर्च झाडाची साल पायांना गुंडाळणारे, म्हणून हे नाव. त्यांच्या विरोधात बिशपांचा आणि धनिकांचा बागलर पक्ष. १२०६ च्या हिवाळ्यात दीडेक वर्षाच्या हाकोन नावाच्या राजपुत्राला दोघा बिर्केबाइनरांनी बर्फावरच्या फळ्यांवरून घसरत डोंगरापार पोचवले. त्याची आठवण म्हणून नॉर्वेत १९३२ पासून एक शर्यत होते, आणि प्रत्येक स्पर्धक पाठीवर साडेतीन किलोंचे ओझे घेतो, त्या तान्ह्या राजाचे वजन म्हणून. मूल मोठे होऊन राजा झाले, तरी तो खरा राजाचाच मुलगा, हे सिद्ध करण्यासाठी त्याच्या आईला, इंगाला, १२१८ साली तापलेले लोखंड हातात धरावे लागले. आपल्याकडच्या दिव्यासारखेच हे दिव्य. हाकोन आणि त्याचा प्रतिस्पर्धी स्कूले यांच्यावर इब्सेनने १८६३ साली नाटकही लिहिले.

आणखी एक गंमत. बुद्धिबळ गेले आपल्याकडून, इराण आणि अरबांच्या वाटेने युरोपात. १८३१ साली स्कॉटलंडच्या लुईस बेटावर वॉलरसच्या दातांतून कोरलेल्या सोंगट्यांचा मोठा साठा सापडला. त्या बाराव्या शतकातल्या, आणि बहुधा नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइम गावी घडवलेल्या. म्हणजे तिथे भाऊ भावाचे डोळे काढत होते, त्याच काळात कुणी कारागीर शांतपणे राजा कोरत बसला होता. आपल्या उंटाच्या जागी त्याने बिशप कोरला आणि हत्तीच्या जागी पहारेकरी. त्यातले काही पहारेकरी तर संतापाने स्वतःची ढालच चावत आहेत! ज्या देशात शंभर वर्षे कुणी धड राजा नव्हता, तिथल्या सोंगट्यांत राजे मात्र स्वस्थ, मांडीवर आडवी तलवार घेऊन बसलेले.

"मामा, असं आपल्याकडे झालंय का कुठे?" भाचीने विचारले.

झालेय तर! आणि त्यासाठी दिल्ली-आग्र्याला जायला नको. पेणहून एस.टी.ने तासाभरात अलिबाग. तिथे गावात कान्होजी आंग्रे यांची समाधी आहे, आणि ओहोटीला चालत जाता येईल असा समुद्रात कुलाब्याचा किल्ला आहे. आपला जिल्हा १९८१ मध्ये रायगड झाला, त्याआधी याच किल्ल्याच्या नावाने तो ओळखला जाई. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन कुलाब्यावर तुटून पडले होते, आणि हात हलवत परत गेले. जो किल्ला दोन आरमारांना घेता आला नाही, त्याचे दरवाजे कुणी उघडले? घरच्यांनीच.

तेव्हा आम्ही एक उद्योग केला. पेणमध्ये पुठ्ठ्यांना तोटा नाही, गणपतीच्या कारखान्यांमुळे खोकी कुठेही मिळतात. एका मोठ्या पुठ्ठ्यावर भाचीने मुंबईपासून विजयदुर्गापर्यंतचा किनारा काढला. कुलाबा, रेवदंडा, जंजिरा, सुवर्णदुर्ग, वर घाटाशी राजमाची. मध्ये पेण आणि रोहे. पेणला भोगावतीची खाडी, रोह्याला कुंडलिका, आणि रोह्याच्या डोक्यावर अवचितगड. मोहऱ्यांना चिंचोके, फाशांना कवड्या. मुलांनी एकेक नाव वाटून घेतले: सेखोजी, संभाजी, मानाजी, तुळाजी, सिद्दी, पेशवे आणि मुंबईकर इंग्रज.

पटावरच्या पहिल्या घरी साल लिहिले १७२९, म्हणजे कान्होजींच्या मृत्यूचे. मागे वेगवेगळ्या आयांचे मुलगे. थोरला सेखोजी सरखेल झाला आणि चार वर्षे घर एकत्र राहिले. १७३३ साली सेखोजी वारला, आणि इथून पट पेटतो. नवल म्हणजे त्याच वर्षी कुंडलिकेपलीकडे जंजिऱ्याचा सिद्दी रसूल याकूतखानही मेला. त्याचा थोरला मुलगा अब्दुल्ला घरच्याच कटात मारला गेला, आणि अब्दुल्लाचा मुलगा अब्दुल रहमान बाजीराव पेशव्यांच्या आश्रयाला आला. रोह्याची जागा नकाशावर पाहा: एका बाजूला आंग्रे, दुसऱ्या बाजूला सिद्दी, आणि एकाच वर्षी दोन्ही घरांत वारसाचे भांडण! त्या वेळच्या रोहेकराने सारा कुणाला भरायचा, हेच कोडे असेल.

सिद्द्यांच्या भांडणात मराठ्यांना रायगड परत मिळाला. तळे, घोसाळे, अवचितगड, बिरवाडी हे किल्लेही हाती आले. अब्दुल रहमान १७३६ च्या तहानंतर नवाब झाला खरा, पण अर्ध्यामुर्ध्या मुलखाचा.

आंग्र्यांकडे काय झाले? संभाजी सरखेल झाला. भावाभावांत फाटले. मानाजीने पोर्तुगीजांची मदत घेऊन कुलाबा घेतला आणि सावत्र भाऊ येसाजीचे डोळे काढले. नॉर्वेचा मॅग्नस आंधळा झाला ११३५ साली. आपला येसाजी त्यानंतर सुमारे सहाशे वर्षांनी. एक बर्फाचा देश, एक नारळी-पोफळींचा. हत्यार तेच, कारणही तेच. आंधळा माणूस गादीवर बसू शकत नाही, आणि भावाला जिवे मारल्याचे पाप तेवढे टळते, असा हा हिशेब.

मग संभाजी मानाजीवर चालून गेला. मानाजीने बाजीरावांना हाक दिली. बाजीराव आले आणि १७३५ साली त्यांनी निवाडा केला. संभाजीने सरखेल म्हणून सुवर्णदुर्गाकडे राहावे, मानाजीने 'वजारतमाब' हा नवा किताब घेऊन कुलाब्याला राहावे. दोघांचाही मान राहिला. आणि निवाडा करणाऱ्याचे काय? राजमाची आणि कोथळीगड हे घाटाच्या तोंडचे दोन किल्ले पेशव्यांकडे गेले. १७४० मध्ये संभाजीने पुन्हा कुलाबा वेढला, मानाजीने पुन्हा हाक दिली. या वेळी पेशव्यांच्या फौजेबरोबर मुंबईकर इंग्रजांची जहाजेही धावून आली. एकोणीस वर्षांपूर्वी जे कुलाबा पाडायला आले होते, ते आता कुलाबा वाचवायला आले, तेही कान्होजींच्या मुलापासून, कान्होजींच्याच मुलाच्या बोलावण्यावरून!

संभाजीमागून तुळाजी आला. तो शूर होता, हेकट होता, पेशव्यांना जुमानत नव्हता. पेशव्यांनी इंग्रजांशी करार केला. १७५५ च्या एप्रिलात सुवर्णदुर्ग पडला. १७५६ च्या फेब्रुवारीत ॲडमिरल वॉटसन समुद्रातून आणि क्लाइव्ह जमिनीवरून असे विजयदुर्गावर आले. बंदरात नांगरलेले आंग्र्यांचे आरमार जळून खाक झाले. तुळाजीचे उरलेले आयुष्य कैदेत गेले. विजयदुर्ग मराठ्यांना देताना इंग्रजांनी बदल्यात सावित्रीच्या मुखावरचे बाणकोट घेतले.

आमच्या पुठ्ठ्यावर हा डाव आम्ही चार रविवार खेळलो. कवड्या कुणाच्याही बाजूने पडोत, शेवटी जिंकायचा तो पेशव्यांचा नाही तर इंग्रजांचा चिंचोका. मुले चिडली. धाकटा म्हणाला, "नियम बदलूया. हा काही न्याय नाही." मी नियम पुन्हा तपासले. खोट नियमांत नव्हती. भावाविरुद्ध मदत मागितली की एक किल्ला मदतनिसाला द्यायचा, एवढाच तो नियम होता. भाऊ जितके जास्त भांडत, तितके मदतनीस जाड होत. नॉर्वेतही हेच. एर्लिंग नावाच्या सरदाराने आपल्या लहान मुलाच्या मुकुटासाठी डेन्मार्कच्या वाल्देमार राजाची मदत घेतली, आणि त्या बदल्यात विकेन हा अख्खा प्रांत कबूल केला होता.

मोठ्या मुलांना मी पुढचे सांगितले, कारण हा डाव एका पटावर संपत नाही. कान्होजी स्वतः कसे मोठे झाले? भोसल्यांच्या घरात शाहू आणि ताराबाई यांचा तंटा होता. कान्होजी आधी ताराबाईंच्या बाजूला होते. बाळाजी विश्वनाथांनी त्यांना शाहूंकडे वळवले, तेव्हा कान्होजींना सरखेली आणि किल्ले अधिकृतपणे मिळाले. म्हणजे भोसल्यांच्या भांडणात आंग्रे मोठे झाले, आंग्र्यांच्या भांडणात पेशवे मोठे झाले. आणि पेशव्यांच्या घरात? १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला, आणि रघुनाथराव गादीसाठी मदत मागायला इंग्रजांकडे गेले. १७७५ चा सुरतेचा तह झाला. साष्टी बेट त्या गडबडीत गेले ते गेलेच. एका पटावर पंच म्हणून बसलेला माणूस पुढच्या पटावर मोहरा झाला.

कुलाब्याचा शेवटही वारसावरच झाला. १८३८ च्या अखेरीस दुसरे रघुजी आंग्रे वारले. त्यांच्या मागे जन्मलेला मुलगा तान्हेपणीच गेला. दत्तक घ्यायची परवानगी इंग्रजांनी नाकारली आणि १८४० मध्ये संस्थान खालसा केले. आधी वारस फार होते म्हणून राज्य फाटले, शेवटी एकही उरला नाही म्हणून बुडाले.

नॉर्वे मात्र वाचला. हाकोन राजाने १२६० साली कायदा केला: राजाच्या मागे एकच राजा, तो त्याच्या लग्नाच्या राणीचा थोरला मुलगा. कायद्यात न्याय पुरेपूर होता असे नाही. धाकट्यांचे काय, मुलींचे काय, हे प्रश्न होतेच. पण राजा जिवंत असतानाच सर्वांना ठाऊक होते की पुढे कोण. शंभर वर्षांचे रक्त थांबायला तेवढे पुरले.

आता हे सारे राजेरजवाड्यांचे, आपल्याला काय त्याचे, असे कुणी म्हणेल. मी तसे म्हणू शकत नाही, कारण आमचे मूळ घर रोह्याचे. आजोबा गेले तेव्हा तीन मुलगे, एक घर आणि नदीकडची भाताची खाचरे होती. आजोबांनी काही लिहून ठेवले नव्हते. 'माझी मुले भांडायची नाहीत' हा त्यांचा विश्वास. पहिली काही वर्षे सेखोजीची गेली, नंतर संभाजी-मानाजीची सुरू झाली. माजघरात भिंत उभी राहिली. एका भावाने कज्जा चालवायला गावातल्या एका पैसेवाल्या गृहस्थांची मदत घेतली. दहा-बारा वर्षे तारखा झाल्या. निकाल लागेपर्यंत सर्वांत चांगले खाचर त्या गृहस्थांच्या सातबाऱ्यावर चढले होते. त्यांनी काही बेकायदा केले नाही. भाऊ बोलावत गेले आणि ते येत गेले. ती भिंत अजून आहे. तिच्या दोन्ही बाजूंना एकाच दिवशी गणपती बसतो.

आज पेण-रोह्याकडच्या पुष्कळ घरांत हा प्रश्न अधिक तातडीचा झाला आहे. महामार्ग रुंदावला, कारखाने आले, २०२४ साली अटल सेतू खुला झाला आणि मुंबई जवळ आली. ज्या जमिनीत काल फक्त भात पिकत होते, तिच्यासाठी आज दारात मोटारी उभ्या राहतात. अशा वेळी सातबाऱ्यावर आजोबांचेच नाव आणि खाली पंधरा-वीस वारस असतील, तर मदतनीस यायला वेळ लागत नाही. तो आधी सर्वांत नाराज भावाला शोधतो.

भाचीने शेवटच्या रविवारी विचारले, "मामा, या पटावर मुलगी एकही कशी नाही? कान्होजींना मुली नव्हत्या?" असतील. पण त्या काळच्या वाटणीत त्यांना घर नव्हते, म्हणून आमच्या पुठ्ठ्यावरही नव्हते. आजच्या पटावर आहे. महाराष्ट्राने १९९४ साली कायदा बदलून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने हक्क दिला. २००५ मध्ये तो देशभर झाला, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की हा हक्क जन्मानेच मिळतो. तरी आपल्याकडे काय चालते, ते प्रत्येक माहेरवाशिणीला ठाऊक आहे. भाऊबिजेचे ओवाळणीचे ताट खाली ठेवते न ठेवते तोच हक्कसोडपत्राचा कागद पुढे येतो. सही केली तर माहेर राहते, नाही केली तर तुटते, अशी भीती. ज्या घरात बहिणीला हिशेबात धरून वाटणी होते, तिथे सही मागण्याची वेळच येत नाही.

मी वकील नाही, पण एवढे विचारून घेतले आहे. मृत्युपत्र साध्या कागदावर करता येते. करणारा शुद्धीवर हवा, त्याची सही हवी आणि त्याला सही करताना पाहणारे दोन साक्षीदार हवेत. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. जिवंतपणीच सर्वांना बसवून वाटपपत्र केले, तर त्याहून बरे. यात खर्चापेक्षा संकोच मोठा असतो. 'बाबांपुढे हा विषय कसा काढायचा' म्हणून मुले गप्प, आणि 'मी आत्ताच काही मरत नाही' म्हणून बाबा गप्प. कान्होजींसारख्या दर्याच्या राजालाही हे जमले नाही, मग आपल्याला जड जाते यात नवल नाही.

रोह्याचे थोरले काका आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. राहिलेली खाचरे त्यांच्या नावावर आहेत. त्यांच्यापुढे मी पट मांडला नाही, फक्त येसाजीची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दिवाळीत सगळ्यांना बोलाव. तिघी बहिणींनाही. भिंतीच्या पलीकडच्यांनाही सांग." दिवाळीला अजून दोन महिने आहेत. कोण येईल, कोण काय मागेल, ते आज सांगता येत नाही. पण हा डाव राजा समोर बसलेला असताना खेळला जाणार आहे, एवढे मात्र ठरले आहे.